गुणाजी परबांची निळी जीप

मनोरीला जायला मार्व्याहून होडी मिळते. तिकीट किरकोळ, वेळ पाव तास. बोरिवलीहून निघा, मालाडला बस बदला, होडीत बसा, पलीकडे उतरा, समुद्र बघा आणि संध्याकाळच्या चहाला घरी या. हे मी गुणाजी परबांना एकदा नव्हे, चांगलं चारदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "होडीत बाकीची माणसं असतात, बाई."

एवढ्या एका कारणासाठी त्या माणसाने मिलिटरीतून निघालेली जुनी जीप विकत घेतली. ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. तेव्हा आमच्या सोसायटीत चारचाकी सोडाच, स्कूटरसुद्धा एकच होती, आणि तीही ढकलूनच चालू व्हायची.

आमची सोसायटी बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. दोन-तीन बिऱ्हाडं सोडली तर सगळी एकाच गावची, कुडाळच्या बाजूची. लालबागच्या एका चाळीतून ती उठली आणि जशीच्या तशी इथे येऊन बसली. मी अलिबागची, पालिकेच्या शाळेत मास्तरीण. कुणीतरी शेवटच्या घटकेला माघार घेतली म्हणून मला जागा मिळाली. आल्या आल्या मी सवयीने दार लोटून घ्यायला लागले, तर पहिल्याच आठवड्यात तिघीजणी 'बरं नाही का' म्हणून विचारून गेल्या. यांच्यात दार लावायचं ते आजारपणात किंवा भांडणात. मला दोन्ही नव्हतं, हे पटवून देता देता मी दार लावणंच सोडून दिलं.

गुणाजी परब माझ्या शेजारचे. गिरणीत फिटर होते. संपानंतर कांदिवलीच्या एका कारखान्यात लागले. उंच, वाळके, कमी बोलणारे. त्यांची बायको रत्नप्रभा त्यांच्याहूनही कमी बोलायची, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती सतत कुणाला ना कुणाला वाढत असायची. लग्न झाल्यापासून दोघं लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिले. जोडीला आई, दोन भाऊ, भावजया, त्यांची पोरं आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला एखादा भाचा. लग्नानंतर गुणाजींनी बायकोला फिरायला नेलं ते राणीच्या बागेत, तेही धाकटा दीर आणि दोन पुतण्यांसकट. रत्नप्रभेने हत्ती पाहिला, पण पुतण्याला कडेवर घेऊन. बोरिवलीला स्वतःची जागा झाली, मुलीचं, अनुपमाचं, लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली, तेव्हा वाटलं आता तरी दोघांना निवांतपणा मिळेल. पण कोकणातून मुंबईला येणाऱ्या माणसाला रिकामी खोली अंधारातही दिसते. परबांच्या बाहेरच्या खोलीतली वळकटी कधी गुंडाळलेली मी पाहिली नाही.

कारखान्यात गुणाजींच्या बाजूला काम करणारा गिल्बर्ट मनोरीचा. त्याच्या वाडीत शहरातल्या लोकांना भाड्याने द्यायची एक खोली होती. "पुढे वाळू, पुढे पाणी, मागे ताडाची झाडं. कोण येत नाय, कोण जात नाय," असं तो म्हणायचा. 'कोण येत नाय' हे शब्द गुणाजींच्या डोक्यात जाऊन बसले. रत्नप्रभेला घेऊन एक दिवस तिथे जायचं. दोघांनीच. आयुष्यात या माणसाने दुसरं काही मागितल्याचं मला माहीत नाही.

जीपही गिल्बर्टचीच. त्याची बायको मार्सेलिना तिच्यात वाडीतली भाजी भरून स्वतः बाजारात आणायची. आता त्यांनी टेंपो घेतला होता. जीपला दारं नव्हती, चावी नव्हती. एक बटण फिरवलं की कुणीही ती चालू करू शकत होतं. स्टिअरिंग डावीकडे, हॉर्न त्याच्या मनात आलं तर वाजायचा. मिलिटरीचा हिरवा रंग साध्या माणसाला चालत नाही म्हणून गिल्बर्टने होडीला लावून उरलेला निळा रंग तिला फासला होता, त्यामुळे ती रस्त्यावरून चालली तरी पाण्यातून निघाल्यासारखी दिसायची. गिअरच्या बाजूला आणखी एक छोटा दांडा होता. तो ओढला की चारही चाकं जोर लावतात आणि गाडी वाळूतून, चिखलातून, चढावरून वर जाते. गुणाजींचा सगळा जीव त्या दांड्यात.

"बाई, रस्ता संपतो तिथून माणसं परत फिरतात. जीप पुढे जाते," ते मला म्हणाले. फिटरच्या मानाने हा विचार फारच तत्त्वज्ञानी होता.

व्यवहार करायला दोघं गिल्बर्टकडे गेले, तेव्हा रत्नप्रभेने गाडीबद्दल एकच प्रश्न विचारला, तोही मार्सेलिनाला. "तुमी एकट्याच चालवत येता?" मार्सेलिना म्हणाली, "एकटीच तर येते. तेवढाच वेळ माझा." हे रत्नप्रभेने मला जिन्यात सांगितलं आणि भाजी घेऊन वर गेली.

जीप आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आणि तिथेच घात झाला. दसऱ्याला गाडीची पूजा करायची हे ओघानेच आलं. झेंडूचे हार आले, नारळ आला आणि धाकू तात्या आले. धाकू तात्या म्हणजे आमच्या सोसायटीतले सगळ्यांत जुने, आणि गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. एक जाणता माणूस मागत जातो आणि जमलेले पुरुष दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत जातात. मराठी शिकवणारी बाई म्हणून सांगते, त्यात स्वल्पविराम नसतो. विचार करायला जागाच नसते.

तात्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि आवाज लावला. "बा देवा रवळनाथा, आज तुझ्या ह्या लेकरान, गुणाजीन, ही गाडी दारात आणून उभी केल्यान हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गुणाजींचा.

"तिच्या चाकाक, तिच्या इंजनाक खंयचा विघन येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर पडली असात तर ती तेच्या तेका लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या बिल्डिंगीतल्या कोणाचा काय अडला-नडला, दिवस असांदे नायतर रात, तर ही गाडी तेच्या दारात उभी ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुणाजी ओरडले. मग त्यांनी डोळे उघडले. मी गॅलरीत उभी होते. त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. सही केल्यावर कागद वाचणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. रत्नप्रभा त्या वेळी वर स्वयंपाकघरात प्रसादाचं खोबरं किसत होती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, बोलून गेलं तोंडातून, त्यात काय एवढं? पण कुडाळच्या बाजूचा माणूस कोर्टात खोटं बोलेल, गाऱ्हाण्यात दिलेला शब्द मोडणार नाही. रवळनाथाच्या पुढ्यात 'व्हय' म्हटलं की म्हटलं. आणि मागणाऱ्यांनाही ते पक्कं ठाऊक.

पुढच्या रविवारी दोघं कपडे करून खाली उतरले, तर वरच्या मजल्यावरचा काशीराम आईला घेऊन जीपमध्ये आधीच बसलेला. आईचा पाय सुजला होता. ही खरी नड, कुणी नाही म्हणणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी एकाचं लोखंडी कपाट हलवायचं होतं. मग दिवाळी आली आणि एस.टी.ने गावाहून तांदळाची पोती आणि पाहुणे एकत्रच उतरायला लागले. अडला-नडला या शब्दांचा अर्थ रोज थोडा थोडा रुंद होत गेला. एका साखरपुड्याला नवऱ्या मुलाची स्वारी जीपमधून निघाली, कारण बसने गेला असता तर तो नडलाच असता. गुणाजींनी स्टिअरिंगला साखळी घालून कुलूप लावलं, तर लोक त्यांनाच झोपेतून उठवून कुलूप उघडायला लावायचे. त्यांचा कारखाना सुटला की दुसरी पाळी सुरू. मी म्हटलं, "परब, नाही म्हणा की एकदा." ते म्हणाले, "नाय म्हणायला आधी व्हय म्हटलेलं नसावं लागतं."

नाताळच्या सुट्टीत मात्र त्यांनी शक्कल लढवली. कुणालाही न सांगता, कामाचा दिवस धरून, रजा टाकून, सकाळी लवकर निघायचं. दहिसरवरून भाईंदर, उत्तन, गोराई करत लांबचा रस्ता. गिल्बर्टला खोली सांगून ठेवली होती. पण दारं उघडी टाकून राहणाऱ्या लोकांत गुपित कुठलं टिकायला? जीप फाटकाशी आली तेव्हा धाकू तात्या नवं धोतर नेसून उभे.

"मनोरी मियां कधी बघूकच नाय," तात्या म्हणाले. काशीरामने दुजोरा दिला की तात्यांचं वय झालं, या वयात समुद्राचं दर्शन ही नडच म्हणायची. तात्यांना धरायला काशीराम चढला. काशीरामला सोबत म्हणून त्याची बायको, तिच्या मागून पोरं. शेवटी जीपमध्ये अकरा माणसं होती आणि एक कोंबडा, जो परत येणार नव्हता.

आता दांड्याची गंमत ऐका. मनोरीला रस्ता संपला आणि वाळू लागली. गुणाजींनी मोठ्या आशेने तो छोटा दांडा ओढला. जीप चार हात गेली आणि एवढ्या वजनाने रुतली. लगेच सगळे टुणकन खाली उतरले आणि 'गणपती बाप्पा मोरया' करून तिला ढकलत थेट गिल्बर्टच्या खोलीपर्यंत घेऊन गेले. रस्ता संपला होता आणि एकही माणूस परत फिरला नव्हता.

रत्नप्रभेने त्या दिवशी समुद्र पाहिला तो तीन दगडांच्या चुलीच्या धुरातून. अकरा जणांसाठी वडे आणि कोंबड्याची सागोती. बाकीचे पाण्यात खेळले. तात्या वाळूत झोपले. गुणाजी जीपच्या मडगार्डवर बसून बायकोकडे बघत होते, आणि बायको वड्यांकडे. परत आल्यावर आठवडाभर ती त्यांच्याशी बोलली नाही. एरवीही ती फार बोलत नव्हती, पण या वेळचं न बोलणं गुणाजींनाच काय, भिंतीपलीकडे मलासुद्धा ऐकू येत होतं.

मग गुणाजी धाकू तात्यांकडे गेले. "तात्यानू, ह्या गाऱ्हाण्यातून माका सोडवा."

तात्यांनी विडी विझवली. "मियां फकत मागलंय. व्हय कोण म्हणलो?"

"मी."

"मगे? देवान काय तुझो गळो धरूक नाय होतो." मग त्यांना दया आली असावी. म्हणाले, "आयक. गाडयेन कायव कबूल करूक नाय. कबूल केल्यान ता धन्यान."

हे वाक्य घेऊन गुणाजी जवळजवळ धावतच वर आले आणि माझ्या दारात उभे राहिले. डोळे चमकत होते. "बाई, धनी बदलला तर? रत्ना त्या वेळी खाली नव्हतीच. तिने व्हय म्हटलेलंच नाय!" एवढी अक्कल दसऱ्याला असती तर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढा आनंद त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून म्हटलं, "छान. करा तिच्या नावावर."

रत्नप्रभेने ऐकून घेतलं आणि अट घातली. "नावापुरती धनीण मी होणार नाय. माझी गाडी, तर मी चालवणार." गुणाजी हसले. बायकोने असलं काही मागावं याचं त्यांना कौतुकच वाटलं. स्वतः शिकवायला बसले, पण पहिल्याच दिवशी क्लचवरून इतका आवाज चढला की तिने गाडी मैदानात सोडली आणि चालत घरी आली. मग शिकवायला मार्सेलिना आली. आठवड्यातून दोन दुपारी, पार्काच्या कुंपणालगतच्या मैदानात, एक लुगड्यातली आणि एक फ्रॉकमधली अशा दोन बायका निळ्या जीपमधून गोल गोल फिरायच्या. सोसायटीतले लोक गच्चीवरून बघायचे. काशीराम म्हणायचा, "झाडावर घालणार, बघ." तिने झाडावर घातली नाही. परवाना मिळाला, कागद तिच्या नावावर झाले, आणि दुसऱ्याच दिवशी काशीरामने तिला जिन्यात गाठलं.

"वहिनी, जरा मालाडला सोडाल? थोडं सामान आहे."

"नाय जमणार, भावजी."

"पण तात्यांच्या गाऱ्हाण्यात..."

"तवा मी खोबरं किसत होते," रत्नप्रभा म्हणाली आणि पुढे गेली. काशीराम जिन्यात तसाच उभा. मी दारामागे तोंडात पदर कोंबला.

ती दगड झाली होती असं समजू नका. त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या पोरीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा हिनेच तिला दवाखान्यात पोचवलं, न मागता. नडलेला कोण आणि फुकट्या कोण, हे ज्यांना ओळखता येतं ती माणसं गाऱ्हाण्याला सहसा नसतातच, असं माझं मत झालं आहे.

आता मनोरीच्या आड काही नव्हतं. गुणाजींनी फेब्रुवारीतला एक रविवार ठरवला. आदल्या दिवशी त्यांनी टेरिकॉटचा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि माझा थर्मास मागून नेला. सकाळी पिशवी घेऊन खाली आले, ती जीपमध्ये ठेवली आणि या खेपेला आपण उजवीकडे बसायचं हे लक्षात येऊन हसले. रत्नप्रभा मागून आली. स्टिअरिंगवर बसली. मग त्यांच्याकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, म्हणाली, "तुमी पुढच्या रविवारी या. आज मी एकटीच जातंय."

गुणाजींना वाटलं, चेष्टा. ते हसले. ती हसली नाही. गॅलऱ्या भरलेल्या होत्या. मग गुणाजींनी हात घालून आपली पिशवी उचलून घेतली. थर्मास मात्र सीटवरच राहू दिला. जीप फाटकातून बाहेर पडली, हॉर्न वाजला नाही, आणि निळा रंग कोपऱ्यावर दिसेनासा झाला.

दिवसभर ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले होते. येणारा-जाणारा विचारायचा, "वहिनी खंय गेली?" ते सांगायचे, "मनोरीला." "एकटीच?" यावर ते मान हलवायचे. आधी मला हसू येत होतं. दुपारी चहा घेऊन खाली गेले आणि ते थांबलं. इस्त्रीचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर रत्नप्रभेचा त्याहून जास्त हेवा वाटला.

चहा संपवून ते म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी एकच बघत आलो, आम्हां दोघांच्या मध्ये कोण कोण येतं. आई होती, भाऊ होते, हे सगळे होते. तिला एकटं बसायचं असलं तर मध्ये येणारा मी, हे माझ्या ध्यानातच आलं नाय." मी रिकामा कप घेऊन वर आले.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. चेहरा उन्हाने रापलेला, लुगड्याच्या काठाला वाळू. गुणाजी कट्ट्यावरून उठले. "कसो होतो समुद्र?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बरो होतो. भात लावलात?" त्यांनी लावला होता, थोडा करपलाही होता. नंतर थर्मास द्यायला आली तेव्हा मी तिला विचारलं, काय केलंस गं दिवसभर? ती दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काय नाय, बाई. बसले. कोणी काय मागितलं नाय." एवढंच सांगताना तिचे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी सकाळी जीप चालू झाल्याचा आवाज आला म्हणून मी गॅलरीत गेले. रत्नप्रभा स्टिअरिंगवर बसली होती. शेजारच्या सीटवर तिची पिशवी होती. गुणाजी फाटकापाशी उभे होते, या वेळी साध्याच शर्टात, हातात काही न घेता. आठवडाभर त्यांनी मनोरीचा विषय काढला नव्हता.

ते दोन पावलं पुढे आले. ज्यांच्याकडे सगळी बिल्डिंग गाडी मागायला यायची, त्या गुणाजींना विचारायची सवय नव्हती, म्हणून आवाज जरा फाटलाच.

"येऊ?" त्यांनी विचारलं.

रत्नप्रभेने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचार केला. लगेच हो म्हणाली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तिने चांगला वेळ घेतला. इंजिन धडधडत होतं, वर गॅलरीत काशीराम कठड्यावरून वाकला होता, आणि गुणाजी हात खाली सोडून वाट बघत होते. मग तिने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि मागे ठेवली.